सपाटीवर चुकणारी रायफल

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "दुर्बीण बिघडली आहे." रायफलवर बसवलेली ती दुर्बीण बहुतेक वेळा ठणठणीत असायची. बिनसलेलं असायचं ते गिऱ्हाइकाचं आणि डोंगराचं. पण असं तोंडावर सांगायची सोय नव्हती. समोरचा माणूस सहा फुटी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातातून निसटलेल्या हरणाचं दुःख अजून ताजं. मी शांतपणे दुर्बीण तपासायला घ्यायचे, चहा विचारायचे, आणि मग हळूच म्हणायचे, "हरीण तुमच्या वर होतं की खाली?"

बंदुकीशी माझ्या घराण्याचा संबंध फक्त दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता. पुण्यात मी जमीनमोजणीच्या दुर्बिणी बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. दोन हजार सालानंतर नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे ऑकलंडला आले, ओटाहुहूत भाड्याचं घर घेतलं आणि कामासाठी वणवण सुरू केली. पेनरोजच्या गोदामांच्या रांगेत एक दुकान सापडलं. पुढे शिकारीचं सामान, मागे वर्कशॉप. मालकाचं नाव रॉस. त्याने विचारलं, "भिंगं कळतात?" म्हटलं, कळतात. "बंदुका?" म्हटलं, अजिबात नाही. "स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे झकास. "बंदुका मला कळतात." वसुधा हे नाव त्याच्या जिभेला झेपेना. पहिल्याच दिवशी त्याने ते छाटून 'वॅझ' केलं, आणि निवृत्त होईपर्यंत मी वॅझच राहिले.

रायफल हाताळायची तर लायसन्स हवं. त्यासाठी इथे पोलीस घरी येतात आणि तुमच्या नवऱ्याला वेगळं बसवून तुमच्याबद्दल विचारतात. बायको रागीट आहे का, असा प्रश्न आला तेव्हा आमच्या ह्यांनी खरं बोलायची नेमकी तीच वेळ निवडली. म्हणाले, "रागीट आहे, पण वस्तू फेकून मारली तर कधी लागत नाही." पोलीस हसला आणि लायसन्स मिळालं.

सांगलीला आईला मात्र मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की काम दुर्बिणींचं आहे. ते खोटं नव्हतं. शाकाहारी घरात अर्धं सत्य पुरतं.

आता धंद्यातली गोम सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोळी नळीतून सुटली, की त्याच क्षणी खाली पडायला लागते. म्हणून दुर्बीण अशी जुळवायची, की आपली नजर सरळ असताना नळी किंचित वर बघत असेल. किती वर, ते अंतरावर ठरतं. ही जुळवाजुळव सपाट मैदानावर करतात. आता तीच रायफल तेवढ्याच अंतरावरच्या उंच कड्याकडे रोखा. जमिनीची ओढ तर सरळ खालीच असते. तिरक्या वाटेवर ती पूर्ण लागू पडत नाही. भर दुपारी भिंतीला टेकवलेली शिडी आठवा : शिडी लांब, जमिनीवरची तिची सावली आखूड. गोळी पडते ती साधारण सावलीच्या हिशेबाने, आणि आपण वर रोखलेलं असतं शिडीच्या हिशेबाने. मग गोळी जनावराच्या पाठीवरून निघून जाते. तीनशे मीटरवर, चांगला उभा चढ असेल, तर फरक एक वीतभर पडतो. म्हणून नेम थोडा खाली धरायचा.

इथपर्यंत लोकांना पटायचं. पण दरीत खाली मारतानाही नेम खालीच धरायचा, हे सांगितलं की दुकानात भांडणं लागत. वायकाटोचे दोन शेतकरी भाऊ होते. थोरल्याचं ठाम मत, की चढावर गोळीला दम लागतो म्हणून वर मारावं. धाकट्याचं मत, की उतारावर गोळी घसरते. दोघांनी मिळून आयुष्यभर किती हवेत गोळ्या झाडल्या असतील देव जाणे. त्यातून लेझरने अंतर मोजायची यंत्रं तेव्हा नुकतीच खिशाखिशात आली होती, आणि ती सांगायची शिडीची लांबी. आकडा अचूक आणि हरीण पसार. ह्या लोकांची ही खास चूक : यंत्र जितकं महाग, तितकी गोळी आत्मविश्वासाने वरून जायची.

त्यावर मी एक उपाय काढला. पत्र्याचा छोटा अर्धगोल कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला शिशाचा मणी. रायफलीच्या कडेला चिकटवायचा. रायफल कड्याकडे रोखली की दोरा सरळ खाली लोंबतो आणि चढ किती ते दाखवतो. आपल्याकडच्या गवंड्याचा ओळंबाच तो. रॉसने नाव विचारलं, मी 'ओळंबा' म्हटलं, आणि काही महिन्यांत पेनरोजमध्ये धिप्पाड माणसं काउंटरवर हात आपटून "ओलंबा" मागायला लागली. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला हसूही यायचं आणि सांगलीची एवढी आठवण यायची, की मी आत जाऊन उगाच भिंगं पुसत बसायचे.

हेदर आली ती मार्चमध्ये, म्हणजे इथला उन्हाळा सरताना. सत्तरीची, बारीक, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली रायफल. मी ठरलेल्या वाक्याची वाट बघत होते. ती म्हणाली, "दुर्बीण बिघडलेली नाही. दुरुस्त केली आहे. मला ती परत बिघडवून हवी आहे."

मी स्टूल पुढे सरकवलं. तिचं बोलणं इंग्रजीत होतं, मी आपल्या भाषेत सांगते.

टाउमारुनुईच्या पलीकडे तिची मेंढ्यांची शेती. नवरा केन आदल्या हिवाळ्यात गेला. त्यांच्या घराच्या व्हरांड्यासमोर सरळ डोंगर उभा राहतो आणि त्यात एक जुनी दरड कोसळलेली आहे. दरडीवर कोवळं गवत येतं म्हणून संध्याकाळी हरणं उतरतात. दर वर्षी ईस्टरच्या आधी केन व्हरांड्यातून एक हरीण मारायचा. एकच. मग मुली, जावई, नातवंडं सगळी जमायची आणि त्याचं जेवण व्हायचं. बाकी वर्षभर रायफल कपाटात.

"यंदा ते मी करायचं ठरवलं," ती म्हणाली. "माझा नेम वाईट नाही. क्रेगने, माझ्या जावयाने, मला द्यायच्या आधी रायफल शेजाऱ्याच्या सपाट कुरणात तपासली. तेवढ्याच अंतरावर. वीतभर खाली लागत होती. त्याला वाटलं, केनची नजर गेली असणार. त्याने नीट करून दिली."

"आणि?"

"दोनदा हरीण आलं. दोनदा पाठीवरून गेली. केन तर दुर्बिणीतली फुली हरणाच्या खांद्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. वर नाही, खाली नाही. त्याची कधी चुकली नाही."

मी खरं तर तिला ओळंबाच देणार होते. नेम खाली धरा म्हटलं की प्रश्न मिटत होता. रॉसनेही आतून तेच सुचवलं. हेदरने मान हलवली. "केनने हाताने जुळवून ठेवलेली ती शेवटची वस्तू होती, लव्ह. मला खाली धरायचं नाही. त्याने जशी ठेवली होती तशी हवी आहे. आणि हे क्रेगला कळता कामा नये. चांगला पोरगा आहे, मनाला लावून घेईल."

क्रेगने दुर्बिणीची नेम वर-खाली करणारी चकती किती फिरवली, ते त्याला आठवत नव्हतं. केनने कुठे खूण केलेली नव्हती. पण हेदर बोलत असताना माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. केनची नजर गेलेली नव्हती. त्याने रायफल मैदानावर जुळवलीच नव्हती. ती त्याने व्हरांड्यात बसून, समोरच्या चढावर जुळवली होती. त्या एका डोंगरासाठी ती अगदी बरोबर होती, म्हणून बाकी सगळीकडे ती चुकणारच होती. चढ आणि अंतर नेमकं मिळालं तर केनची जागा पुन्हा शोधता येणार होती.

"चढ किती आहे?" मी विचारलं.

"हीप्स," ती म्हणाली.

हीप्स म्हणजे पुष्कळ. तो काही कोन नव्हे. आणि ईस्टर तोंडावर आला होता. त्याच शनिवारी यायचं मी कबूल केलं.

त्या दिवसांत आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली होती. बाबा जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. ओटाहुहूच्या घरात ती दिवसभर खिडकीशी बसायची. नातीशी मराठीत बोलायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघी दमून टीव्ही बघायच्या. शनिवारी लेकीचा पोहण्याचा वर्ग, ह्यांच्या गळ्यात तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि टॉवेल. आईला एकटं ठेवणं जिवावर आलं. म्हटलं, चल, डोंगर बघून येऊ. अर्ध्या वाटेत तिला सगळं सांगितलं. बंदुकीचंही. बाहेरच्या मेंढ्या बघत तिने विचारलं,

"आज जनावर मारणार का ती?"

"आज नाही. आज नुसता नेम तपासायचा."

"मग चालेल," आई म्हणाली, आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसली.

हेदर फाटकाशीच उभी होती. "किया ओरा, या, या." आईने नमस्कार केला, लाडवांचा डबा पुढे केला आणि नऊवारीवर स्वेटर, सॉक्स आणि जँडल्स अशा थाटात व्हरांड्यातल्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसली. हेदर क्षणभर थबकली. ती केनची खुर्ची असणार, हे माझ्या लक्षात आलं. आईला उठवावं म्हणून मी पुढे झाले, तर हेदरने माझा हात दाबला. "बसू दे. फार दिवस कुणी बसलं नव्हतं."

समोरचा डोंगर खरोखरच अंगावर आल्यासारखा उभा होता. मी ओळंबा लावला, वाऱ्याने दोरा हलत होता तो थांबेपर्यंत थांबले. चढ चाळीस अंशांच्या आसपास. लेझरने अंतर घेतलं, तीनशेच्या थोडं अलीकडे. कागदावर हिशेब केला, पुन्हा केला, आणि चकती खाली फिरवायला घेतली. एकेक क्लिक ऐकू येत होतं. हेदर माझ्याकडे पाठ करून डोंगराकडे बघत उभी होती. प्रत्येक क्लिकला तिचे खांदे थोडे हलत होते.

"केन नेम कुठे तपासायचा?" मी विचारलं.

तिने दरडीच्या कडेचा पांढरा दगड दाखवला. मी तिकाठीवरची मोठी दुर्बीण त्यावर लावली. दगडाच्या मधोमध करड्या डागांचा एक झुबका होता. आमटीच्या वाटीएवढ्या जागेत, एकावर एक, वर्षानुवर्षांच्या गोळ्यांच्या खुणा. मी हेदरला बघायला सांगितलं. ती खूप वेळ वाकून राहिली.

"चाळीस वर्षं हा दगड बघते आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, शेवाळ आहे."

माझा हिशेब बरोबर असेल, तर तिची गोळी त्या वाटीत पडायला हवी होती. नसेल, तर चकती अंदाजाने फिरवत बसावं लागणार होतं, आणि मग ती जागा केनची उरणार नव्हती. दुसरा कुठलाच पुरावा नव्हता. वर्कशॉपमध्ये चूक झाली तर भिंग बदलता येतं. इथे तसं काही नव्हतं, आणि चापही मी ओढणार नव्हते.

हेदरने कठड्यावर रायफल टेकवली. आम्ही कानांत बोळे घातले. आवाज डोंगरावर आपटून परत आला. मी दुर्बिणीत बघितलं : दगडाच्या खाली, डावीकडे, मातीत. माझा हात आपोआप चकतीकडे गेला.

"थांब," हेदर म्हणाली. "हात लावू नकोस. ही चूक माझी आहे, त्याची नाही. मी झटका दिला. कठडा टणक लागतो. तो खाली उशी घ्यायचा." ती इकडेतिकडे बघायला लागली.

लोकरीची ती चपटी उशी आईच्या खाली होती. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण आपण कशावर तरी बसलो आहोत, एवढं तिला कळलं. ती उठली, उशी पदराने झटकली, आणि देव्हाऱ्यात आसन मांडावं तशी कठड्यावर नीट बसवली. हेदरने त्यावर रायफल ठेवली, श्वास सोडला, आणि किती तरी वेळ काहीच झालं नाही.

मग आवाज झाला. दगडावरून पांढरी धूळ उडाली. धूळ बसेपर्यंत मी डोळा काढला नाही. करड्या डागांच्या मधोमध एक नवा, चकचकीत ठिपका होता.

मी सांगितलं. हेदरने दुर्बिणीकडे यायची घाई केली नाही. रायफलवर गाल ठेवून तशीच राहिली, आणि अगदी हळू, मला नव्हे, म्हणाली, "हं. आहेस तर इथेच."

मी आईकडे वळून बघितलं. तिला एक शब्द कळलेला नव्हता आणि ती पदराने डोळे पुसत होती.

परतीच्या वाटेवर आई बोलायला लागली. सांगलीच्या घरी बाबांचा जुना रेडिओ होता. त्याचा काटा सरकलेला. बातम्या ऐकायच्या तर काटा भलत्याच आकड्यावर न्यावा लागे, आणि ती जागा फक्त बाबांना ठाऊक. ते गेल्यावर माझा भाऊ रेडिओ दुरुस्तीला न्यायला निघाला. आई दारात आडवी उभी राहिली. "त्याला वाटलं, म्हातारीला वेड लागलं," आई म्हणाली. "बातम्या ऐकायच्या असत्या तर टीव्ही होता की. मला ते शेवटचे जिथे फिरवून गेले, ती जागा हवी होती. आज ही बाई भेटली, वसू. मी वेडी नाही, एवढं कळलं." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाबांच्या आजारपणात मी पोचले नव्हते, नंतरही जेमतेम दहा दिवस राहून परतले होते. आईच्या कुशीत तोंड घालून मी हमसून रडले. बाजूने ट्रक जात होते.

ईस्टरच्या सुट्टीनंतर हेदरचा फोन आला. "मिळालं. एकच गोळी. सगळी जेवली. क्रेगने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, बघा, मी दुरुस्त केली म्हणून." ती हसत होती की रडत होती, फोनवर कळलं नाही. आम्ही मांस खात नाही हे तिच्या लक्षात होतं. चार दिवसांनी दुकानात फीजोआचं खोकं आलं. आईला ती फळं पेरूच्या चुलत बहिणी वाटली. तिने त्यांची मीठ-तिखट लावून कोशिंबीर केली आणि रॉसलाही खायला लावली.

पुढे हेदर दर वर्षी रायफल साफ करायला आणायची. आमच्याकडे नियम होता, की गिऱ्हाइकाला परत देण्यापूर्वी प्रत्येक रायफल मैदानावर तपासायची. म्हणून तिच्या रायफलीला मी एक चिठ्ठी बांधून ठेवली : सपाटीवर वीतभर खाली लागते, तशीच राहू द्या. दरम्यान लेझरची नवी यंत्रं आली. ती शिडी आणि सावली दोन्ही स्वतःच मोजतात, आणि माणसाला नुसता आकडा देतात. ओळंबे मागणारी गिऱ्हाइकं कमी झाली आणि मग थांबली. उरलेले मी एका खणात ठेवले. निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या जागी आलेल्या बाईंना सगळं दाखवलं, ती चिठ्ठीही दाखवली. हेदर आता नाही, पण तिची नात रायफल घेऊन येते असं ऐकते. चिठ्ठी अजून आहे म्हणतात.

मला त्या वर्कशॉपची फार आठवण येते. तेलाच्या वासाची, चकतीच्या क्लिकची, डोंगरावर रुसलेल्या त्या माणसांची. आईची तर रोजच येते. ती सहा महिन्यांनी सांगलीला परतली, आणखी दोनदा आली, आणि मग तिकडेच वारली. घर विकायचं ठरलं तेव्हा भावाने फोन करून विचारलं, तुला काय हवं? मी म्हटलं, रेडिओ. फक्त काट्याला हात लावू नकोस. त्याने बटणावर चिकटपट्टी लावून, धोतरांत गुंडाळून रेडिओ पाठवला.

तो आता माझ्या बैठकीत आहे. परवा लेक आली होती. चिकटपट्टी मी काढून ठेवलेली होती. तिने रेडिओ लावला, नुसती खरखर आली. "आई, इट्स नॉट इव्हन ऑन अ स्टेशन," ती म्हणाली, आणि तिचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला. मग माझ्या शेजारी येऊन बसली, आणि ती खरखर आम्ही दोघींनी थोडा वेळ ऐकली.